खाते-स्थलांतर

खाते-स्थलांतर : एखाद्या व्यक्तीची नोंद, त्या नोंदीस जोडलेले अधिकार आणि त्या अधिकारांखाली साठलेला तिचा ऐवज एका अधिकारक्षेत्रातून दुसऱ्या अधिकारक्षेत्रात नेण्याची क्रिया. संगणकशास्त्रात ही संज्ञा मुख्यतः संगणक वापरणाऱ्याचे खाते व त्याची प्रोफाइल एका जाळ्याच्या डोमेनमधून दुसऱ्या डोमेनमध्ये नेण्याच्या संदर्भात वापरतात. महसुली व्यवहारात मात्र ‘खाते’ व ‘खातेदार’ हे शब्द संगणकाच्या कितीतरी आधीपासून रूढ आहेत. राज्य, कायदा, लिपी, मोजमाप किंवा तालुका बदलला की, जमीनधारकाची नोंद एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात न्यावी लागते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : व्यक्ती तीच, ऐवज तोच, परंतु ज्या क्षेत्रात तिची ओळख पटवावयाची, ते क्षेत्र नवे. अशा वेळी नवी नोंद जुन्याच माणसाची आहे हे कोणी व कशावरून ठरवावयाचे? प्रस्तुत नोंदीत प्रथम संगणकीय स्थलांतराचे स्वरूप व इतिहास दिला असून नंतर धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी व तिच्या परिसराच्या आधारे मराठवाड्यातील जमीन-खात्यांच्या स्थलांतराचा आढावा घेतला आहे.

डोमेन व प्रोफाइल : एकाच व्यवस्थापनाखालील संगणक, वापरकर्ते व सामायिक साधने यांच्या समूहास डोमेन म्हणतात. या समूहातील सर्व खात्यांची नोंद मध्यवर्ती संगणकावर ठेवलेली असते. वापरकर्ता कोणत्याही संगणकासमोर बसला, तरी त्याचे नाव व परवलीचा शब्द तपासण्याचे काम हा मध्यवर्ती संगणकच करतो. इंटरनेटवरील पत्त्यांच्या रचनेतही डोमेन हाच शब्द वापरतात. परंतु तेथे तो मुख्यतः पत्त्याचा विभाग दर्शवितो, तर येथे तो अधिकाराचे क्षेत्र दर्शवितो. प्रोफाइल म्हणजे वापरकर्त्याचे संगणकावरील बिऱ्हाड होय. त्याच्या फाइली, पडद्यावरील मांडणी, छपाईयंत्राची निवड, साठविलेले पत्ते, टपालपेटीची जोडणी इ. बाबी तीत येतात. विंडोज प्रणालीत प्रोफाइल म्हणजे एक फोल्डर व त्यातच असलेली सेटिंगांची एक फाइल असून कोणते फोल्डर कोणाचे, याचा तक्ता प्रणाली स्वतंत्रपणे ठेवते.

या तक्त्यात व्यक्तीचे नाव आधारभूत नसते. खाते उघडतानाच प्रणाली त्याला एक लांबलचक सुरक्षा-क्रमांक देते. या क्रमांकाचा पहिला भाग डोमेनचा व अखेरचा भाग त्या डोमेनमधील व्यक्तीचा असतो. फाइल कोणी वाचावी व कोणी बदलावी याची यादी फाइलीसोबत जोडलेली असते. तिच्यातही नावे नसून हे क्रमांकच असतात. पडद्यावर नाव दिसते, ते केवळ माणसाच्या सोयीसाठी. त्यामुळे एकाच डोमेनमध्ये वापरकर्त्याचे नाव बदलले, तर काहीच बिघडत नाही. क्रमांक तोच राहतो व सर्व अधिकार अबाधित राहतात. डोमेन बदलले म्हणजे मात्र, नाव अक्षरशः तेच ठेवले तरी, क्रमांक नवा मिळतो. अशा वापरकर्त्याने संगणक सुरू केला की, प्रणाली त्याला नवखा समजून रिकामी प्रोफाइल तयार करून देते. जुने फोल्डर त्याच तबकडीवर जागच्या जागी असते. पण ते ज्याचे आहे त्यालाच ते उघडता येत नाही. नामांतर व स्थलांतर यांतील हा भेद संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे.

ऐतिहासिक आढावा : संगणकावर व्यक्तिगत खाते असावे ही कल्पना, एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याच्या पद्धतीतून उदयास आली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या कालविभागी प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. या प्रणालीत प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राखण्यासाठी परवलीचा शब्द वापरला जाऊ लागला. १९६९ पासून विकसित होत गेलेल्या युनिक्स प्रणालीत वापरकर्त्याची ओळख एका साध्या पूर्णांकाने ठेवलेली असे. यंत्र एकटे असेपर्यंत हे पुरेसे होते. दोन यंत्रे जोडली जाताच एकावरील एखादा क्रमांक दुसऱ्यावर निराळ्याच व्यक्तीचा असल्याचे आढळे आणि फाइली भलत्याच्या मालकीच्या दिसू लागत. या अडचणीतून मध्यवर्ती नोंदीची गरज निर्माण झाली. मॅसॅचूसेट्स येथीलच ‘अथेना’ प्रकल्पात (प्रारंभ १९८३) केर्बेरॉस ही ओळख पटविण्याची पद्धत तयार झाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज एनटी या १९९३ मध्ये आलेल्या प्रणालीने डोमेन ही संकल्पना कार्यालयांत सर्वत्र नेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या प्रणालीबरोबर ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ ही नोंदव्यवस्था प्रचारात आली. जुन्या डोमेनमधील लक्षावधी खाती या नव्या रचनेत नेण्याची गरज त्यानंतर निर्माण झाली. संस्थांचे एकत्रीकरण, विभाजन वा नव्या व्यवस्थापनाकडे झालेले हस्तांतर, यांमुळे हे काम पुढेही चालूच राहिले.

स्थलांतराच्या रीती : प्रोफाइलच्या स्थलांतराच्या तीन रीती प्रचारात आहेत. पहिलीत जुन्या फोल्डरातील फाइली नव्यात उतरवून घेतात. ही सोपी असली, तरी सेटिंगे मागे राहतात. दुसरीत फोल्डर हलवीत नाहीत, त्याच्यावरील अधिकारांच्या यादीत जुन्या क्रमांकाऐवजी नवा क्रमांक घालतात व प्रोफाइलच्या तक्त्यात तो त्या फोल्डराशी जोडून देतात. तिसरीत, नव्या खात्याच्या नोंदीतच जुना क्रमांक पूर्वेतिहास म्हणून लिहून ठेवतात. त्यामुळे जुन्या क्रमांकास दिलेले अधिकार नव्या खात्यासही मिळतात. ही तिसरी रीत संक्रमणकाळापुरतीच असते. काम संपल्यावर पूर्वेतिहास पुसावयाचा असतो. तो तसाच राहिल्यास दुरुपयोगास वाव मिळतो. कोणतीही रीत स्वीकारली, तरी आरंभी जुने व नवे क्रमांक यांचा जुळणी-तक्ता तयार करावा लागतो आणि वापरकर्त्याने स्वतः येऊन आपले सर्व काही जागेवर असल्याची खात्री देईपर्यंत जुनी प्रोफाइल नष्ट करावयाची नसते. खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेल्या फाइली असतील, तर किल्ली आधीच काढून न ठेवल्यास त्या कायमच्या दुर्बोध होतात. या प्रक्रियेत दोन प्रकारचे दोष संभवतात : ऐवज निर्नायकी राहणे आणि ऐवज भलत्याच्या नावे जाणे. पहिला दोष लगेच लक्षात येतो. दुसरा दीर्घकाळ झाकलेला राहू शकतो.

जमिनीच्या खात्यांच्या बाबतीत हेच दोन दोष पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद निर्माण करतात. माकणीचा परिसर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण दीडशे वर्षांहून थोड्या अधिक काळात तेथील शेते जागची हलली नसली, तरी त्यांची नोंद ज्या क्षेत्रात होते ते क्षेत्र वारंवार बदलत गेले.

निजामी राजवट : माकणी हे गाव मांजरा नदीची उपनदी असलेल्या तेरणेच्या खोऱ्यात आहे. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात मोडत असे. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा पश्चिमेकडील मुलूख ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली गेला. इंग्रज कादंबरीकार म्हणून पुढे ख्याती पावलेले फिलिप मेडोज टेलर हे १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्ग जिल्ह्याचे प्रशासक होते व त्यांनी तेथे जमीन-मोजणीचे काम हाती घेतले होते. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत आला. पहिले सालारजंग यांच्या महसुली सुधारणांनंतर संस्थानाच्या मराठवाडा भागात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी व जमाबंदी झाली आणि प्रत्येक शेतास सर्व्हे क्रमांक मिळाला.

या व्यवस्थेत सरकारदरबारी ओळख असे ती पट्टेदाराची, म्हणजे साऱ्यास जबाबदार असलेल्या नोंदणीकृत धारकाची. त्याचे भागीदार शिकमीदार म्हणून ओळखले जात. नोंदीचा हेतू सारावसुली हा असल्यामुळे एका शेताचे एक नाव असणे सरकारला सोयीचे होते. घरातील वडील माणसाचे नाव पट्ट्यास लागे. भावांचे व त्यांच्या वंशजांचे हक्क गावाच्या माहितीत असत, दप्तरात असतच असे नाही. दप्तराची भाषाही एक नव्हती. संस्थानचा कारभार प्रथम फार्सीत व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत चाले, तर गावपातळीवर पटवारी मोडी लिपीत मराठी लिहीत असे. उर्दू लिपीत ‘ण’ व ‘ळ’ या वर्णांना स्वतंत्र अक्षरे नाहीत. त्यामुळे ‘माकणी’ त्या लिपीत ‘माकनी’ होते आणि लगतच्या ‘होळी’ या गावाचे नाव ‘होली’ असे वाचले जाते. गावांच्या नावांस जे लागू, तेच माणसांच्या नावांस व आडनावांस. कालगणना फसली सनाची होती. त्या सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन स्थूलमानाने मिळतो. १३५८ फसली म्हणजे १९४८–४९ हे वर्ष होय. जुना कागद नव्या कागदाशी जुळविताना लिपी, भाषा आणि सन या तिन्ही गोष्टी उलगडाव्या लागतात.

राज्यबदल व कायदेबदल : १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १३५८ फसलीच्या हैदराबाद जमीन अधिकार-अभिलेख विनियमाने, सारा कोण भरतो एवढेच नव्हे, तर जमिनीत कोणाचा कोणता हक्क आहे, याची नोंद ठेवण्याची तरतूद केली. मुंबई इलाख्यात अशी व्यवस्था विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झालेली होती. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या व १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने संरक्षित कुळांची नोंद आवश्यक ठरली. १९५४ च्या सुमारास तयार झालेली खासरा पत्रके या संक्रमणाची साक्ष देतात. मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत पट्टा, ताबा व कूळ यांचा माग काढताना आजही खासरा पत्रक व पाहणी पत्रक पुढे केले जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांतील महसुली कायद्यांची जागा एका संहितेने घेतली. या संहितेखालील १९७१ च्या नियमांनी गाव नमुन्यांची रचना निश्चित झाली. गाव नमुना सात हे अधिकार-अभिलेख पत्रक व नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. या दोहोंचा एकत्र उतारा म्हणजे सातबारा. नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराची गावातील सर्व शेते एका खात्यावर येतात, तर नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही आहे. खरेदी, वारसा, वाटणी इ. कारणांनी हक्क बदलला की, तलाठी प्रथम फेरफार लिहितो, हितसंबंधितांना नोटीस देतो, १५ दिवसांत हरकत न आल्यास मंडल अधिकारी तो प्रमाणित करतो व मगच सातबारावर नवे नाव येते. प्रत्येक नावासमोर फेरफाराचा क्रमांक असल्यामुळे मागे मागे जात हक्काचा उगम शोधता येतो. या साखळीचा एखादा दुवा तुटला, तर पुढील सर्व नावे आधारहीन होतात.

या काळात मोजमापही बदलले. एकर व गुंठे यांऐवजी हेक्टर व आर आले. चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे सुमारे ०·४०४७ हेक्टर. एक गुंठा एका आरपेक्षा किंचित मोठा. एका शेताच्या रूपांतरात पडणारा फरक नगण्य असला, तरी तुकड्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी न जुळण्यास तो पुरेसा ठरतो. जेथे एकत्रीकरण योजना राबविली गेली, तेथे सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले व जुन्या-नव्या क्रमांकांचा जुळणी-तक्ता हाच हक्काचा पूल ठरला. प्रशासकीय सीमाही स्थिर राहिल्या नाहीत. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला. औसा तालुक्यातील किल्लारी लातूरकडे गेले, तर तेरणेच्या त्याच खोऱ्यातील माकणी व सास्तूर उस्मानाबाद जिल्ह्यात राहिली. १९९१ व २००१ च्या जनगणनांच्या दरम्यान लोहारा हा स्वतंत्र तालुका झाला.

धरण व भूकंप : निम्न तेरणा प्रकल्पाचे मातीचे धरण माकणीजवळ आहे. धरणासाठी संपादित होणाऱ्या जमिनीचा मोबदला १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमाखाली ठरविला जात असे व हितसंबंधित व्यक्ती शोधण्याचा पहिला आधार अधिकार-अभिलेख हाच असे. संपादनात नोंदीतील उणीव अंतिम स्वरूप धारण करते. जमीन असेतोपर्यंत नाव नसलेला भाऊ आपला वाटा कसून ताबा राखू शकतो; जमीन पाण्याखाली गेली म्हणजे राहतो तो केवळ मोबदला आणि तो प्रथम नोंदीकडे पाहून दिला जातो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप होऊन लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळल्याने मनुष्यहानी वाढली. निम्न तेरणा जलाशयाच्या सान्निध्यामुळे, जलाशयाचा व या भूकंपाचा संबंध असावा काय, याची चर्चा भूकंपशास्त्रज्ञांत झाली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. या गावांतील घरांचा आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरविला गेला : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टर असलेल्यांना ४०० चौरस फुटांचे व सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फुटांचे घर देण्यात आले. साऱ्याच्या वसुलीसाठी जन्मास आलेली नोंद अशा रीतीने निवाऱ्याचे माप ठरली. दप्तरात धारक एक व चुली अनेक, या जुन्या रीतीचा अर्थ अशा प्रसंगी बदलतो. स्वतंत्र कुटुंब कोणते आणि त्याची जमीन किती, हे दोन्ही प्रश्न नव्याने सोडवावे लागतात. गावे हलली, तरी शेते हलली नाहीत. घर नव्या गावठाणात, नव्या क्रमांकाचे. शेत जुन्या शिवारात, जुन्याच क्रमांकाचे आणि नोंदीतील अनेक धारक मृत, अशी स्थिती या खोऱ्यात होती. जिवंत वारस व कागदावरील नाव यांची सांगड घालणे हे घरे बांधण्याइतकेच निकडीचे काम होते.

संगणकीकरण : भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे योजनेचा विस्तार होऊन ती तालुका-कचेऱ्यांपर्यंत पोहोचली. २००८ मध्ये ती राष्ट्रीय भूमी-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात विलीन झाली व या कार्यक्रमास पुढे ‘डिजिटल इंडिया’चे नाव जोडले गेले. शेजारच्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाखाली २००० च्या सुमारास हस्तलिखित उतारे बंद करून संगणकीय उतारेच ग्राह्य धरण्यात आले. महाराष्ट्रात हे स्थित्यंतर टप्प्याटप्प्याने झाले.

आरंभी हस्तलिखित सातबारा संगणकात उतरविणे एवढेच कामाचे स्वरूप होते. हाताने लिहिलेल्या पत्रकात कंस, खाडाखोड, ‘सदर’, ‘वरीलप्रमाणे’ यांसारखे संकेत असतात. कंसातील नाव म्हणजे कमी झालेले नाव हे तलाठ्यास पाठ असते. नोंद उतरविणाऱ्यास ते ठाऊक नसल्यास गेलेला धारक पुन्हा जिवंत होतो किंवा असलेला गळतो. देवनागरी मजकूर साठविण्याच्या पद्धतीही तेव्हा एकसारख्या नव्हत्या. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड मानकातही देवनागरीचा अंतर्भाव होता. तरीही विशिष्ट टंकावरच वाचता येणारा मजकूर अनेक वर्षे लिहिला गेला व पुढे तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागला. निजामी काळात ‘ण’चा ‘न’ होण्याचे जे कारण होते, तेच कारण येथे नव्या रूपात उभे राहिले.

पुढे आलेल्या ई-फेरफार प्रणालीने कामाचे स्वरूप पालटले. तीत संगणकीय नोंद ही हस्तलिखिताची प्रत राहिली नाही. दस्त नोंदणी कार्यालय, तलाठी व मंडल अधिकारी एकाच जाळ्यात जोडले जाऊन फेरफारच संगणकावर होऊ लागला. म्हणजे जुन्या अधिकारक्षेत्राची जागा नव्याने खऱ्या अर्थाने घेतली. त्यापूर्वी हस्तलिखित व संगणकीय नोंदी तंतोतंत जुळविणे आवश्यक होते. त्यासाठी तलाठ्यांना संगणकीय नोंदी दुरुस्त करण्याची साधने देण्यात आली. ‘एडिट’ व ‘री-एडिट’ हे इंग्रजी शब्द तेव्हापासून महसुली बोलीत रुळले. २०१७ मध्ये राज्यभर चावडी-वाचनाची मोहीम झाली. गावच्या चावडीवर खातेदारांना बोलावून संगणकीय सातबारा मोठ्याने वाचून दाखविणे व हरकती टिपून घेणे, असे तिचे स्वरूप होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून स्वतः करू लागला. तीत नाव नोंदविताना जमिनीचा खातेदार व संगणकाचा वापरकर्ता, हे ‘खाते’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आले.

चावडी-वाचनाचे महत्त्व केवळ प्रचारापुरते नाही. संगणकीय व महसुली खात्यांत एक मूलभूत भेद आहे. संगणकाला सुरक्षा-क्रमांकापलीकडे माणूस ठाऊक नसतो. तेथे क्रमांक हाच अधिकार असतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ नुसार मात्र अधिकार-अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, केवळ खरी मानली जाते. ती मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. तसेच कलम १५५ खाली लेखनदोष दुरुस्त करण्याचा मार्ग खुला ठेवलेला आहे. अर्थात नोंदीच्या बाहेरही सत्य असू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे. ते सत्य बांध-शेजारी, भाऊबंद व खुद्द कसणारा यांना माहीत असते. दप्तर दप्तराशी ताडून पाहिले, तर जुन्यातील चूक नव्यातही बिनचूक उतरते; ती उघडकीस येण्यासाठी दप्तराबाहेरचा साक्षीदार लागतो. ज्याला उतारा वाचता येत नाही, त्यालाही आपल्या शेताचे व वडिलांचे नाव ऐकता येते. वापरकर्त्याने येऊन पाहिल्याशिवाय जुनी प्रोफाइल पुसू नये, या संगणकीय नियमाचे हे ग्रामीण रूप होय.

नामांतर : फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने उस्मानाबाद शहराच्या नामांतरास संमती दिली व सप्टेंबर २०२३ मधील अधिसूचनेने जिल्हाही धाराशिव या नावाने ओळखला जाऊ लागला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून रूढ झालेले नाव जाऊन जुने नाव परत आले. दप्तराच्या दृष्टीने ही घटना आधीच्या बदलांहून वेगळी होती. १९५६, १९६७ व १९८२ या वर्षी कायदा, कचेरी किंवा सीमा बदलली. २०२३ मध्ये केवळ नाव बदलले. शासकीय संगणक-जाळ्यात गाव, तालुका व जिल्हा यांची ओळख सांकेतिक क्रमांकांनी ठेवण्याची पद्धत रूढ असल्याने नावाचा रकाना बदलला, तरी खात्यांची जोडणी तुटण्याचे कारण राहत नाही. ओळख नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवण्याचा लाभ येथे दिसून येतो. प्रत्येक भूखंडास कायमचा स्वतंत्र क्रमांक देण्याची ‘भू-आधार’ ही देशव्यापी योजनाही याच तत्त्वावर आधारलेली आहे. तथापि क्रमांक जमिनीस मिळाला, म्हणजे धारक आपोआप निश्चित होत नाही. तो क्रमांक व जिवंत माणूस यांतील दुवा प्रत्येक पिढीत फेरफारानेच जोडावा लागतो.

जुन्या दप्तराचे स्थान : नवी व्यवस्था स्थिर झाली की, जुने दप्तर निरुपयोगी झाले असे मानण्याकडे कल असतो. अनुभव याच्या उलट आहे. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने समिती नेमली. त्या शोधात उर्दू व मोडी लिपीतील कागद पुन्हा उघडावे लागले व ते वाचणाऱ्यांची मागणी वाढली. साऱ्यासाठी लिहिलेला कागद शतकानंतर सामाजिक दर्जाचा पुरावा म्हणून शोधला जाईल, याची कल्पना तो लिहिणाऱ्या पटवाऱ्यास असणे शक्य नव्हते. जे स्थलांतरात अनावश्यक म्हणून मागे ठेवले जाते, त्याचीच पुढे गरज भासते. जुन्या अभिलेखांची प्रतिमा-स्वरूपात जपणूक करण्याचे कार्य महाराष्ट्रात हाती घेण्यात आले आहे; परंतु प्रतिमा सुरक्षित असली, तरी ती लिपी वाचणारा नसेल, तर किल्ली हरवलेल्या फाइलीसारखीच तिची अवस्था होते.

खाते-स्थलांतराच्या इतिहासातून निघणारे निष्कर्ष थोडे व स्पष्ट आहेत. नाव व ओळख या भिन्न गोष्टी होत. जुनी व नवी ओळख जोडणारा तक्ता हा स्थलांतराचा कणा असतो व तो स्वतंत्रपणे जपावा लागतो. जुने दप्तर, धारकाने नव्याची खात्री करून घेईपर्यंत तरी, मोडीत काढावयाचे नसते. आणि यंत्र वा कचेरी कितीही काटेकोर असली, तरी नवी नोंद जुन्याच माणसाची आहे, ही अखेरची ग्वाही त्या माणसाकडून व त्याला ओळखणाऱ्यांकडूनच मिळते. तेरणेच्या खोऱ्यात राजवटी, लिप्या, सन व मोजमापे बदलली, काही जमीन जलाशयाखाली गेली आणि भूकंपाने अनेक गावे उठविली. या सर्व बदलांत आपल्या शेताशी शेतकऱ्याचे नाते टिकून राहिले, ते नोंदीच्या आणि तितकेच गावाच्या स्मरणाच्या बळावर.